एडीआरच्या प्रश्नावलीत सगळे पास, वॉर्डातून फॉर्म मात्र येत नाहीत

वॉर्ड_फार्मासिस्ट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. हॉस्पिटलच्या एडीआर (औषधाने होणारी अपायकारक रिअ‍ॅक्शन) कमिटीचं काम माझ्याकडे आहे. स्टाफचं ट्रेनिंग नियमित होतं आणि त्यानंतर ज्ञान-दृष्टिकोन-आचरण अशी प्रश्नावली भरून घेतो. उत्तरं बघावीत तर कुणाचंच काही अडत नाही. एडीआर म्हणजे काय, कुणी कळवायचं, फॉर्म कुठे मिळतो, सगळं तोंडपाठ. फॉर्म मात्र स्किन आणि केमो सोडले तर कुठूनच येत नाहीत. मेडिसिन, सर्जरी, आयसीयू कोरडे ठणठणीत. तिथे रिअ‍ॅक्शन येतच नाहीत असं थोडंच आहे? औषध थांबतं, फेनिरामाइन-हायड्रोकॉर्टिसोन जातं, केस पेपरवर "रिअ‍ॅक्शन, औषध बंद" एवढं लिहिलं की विषय संपला.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. फॉर्म लांबलचक आहे, तर वॉर्डाकडून कमीत कमी काय घ्यावं? निवासी डॉक्टर म्हणतात "खात्री नव्हती म्हणून भरला नाही", तर हा निर्णय नेमका कुणाचा? जे कळवलंच जात नाही ते शोधायचं कसं? आणि व्यवस्थापन म्हणतंय की प्रत्येक वॉर्डाला महिन्याचं टार्गेट द्या. द्यावं का?

---

औषधशास्त्र_विभाग

आधी प्रश्नावलीबद्दल. ती पाठांतर मोजते, आणि अडचण पाठांतराची नाहीच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १२ देशांतले ३७ अभ्यास एकत्र पाहिले होते. कळवलं न जाण्याचं मध्यक प्रमाण ९४ टक्के निघालं. म्हणजे तुमचं हॉस्पिटल जगावेगळं नाही. ब्रिटनमध्ये १९६४ साली सुरू झालेल्या, डॉक्टरांनी संशयित एडीआर कळवायच्या यलो कार्ड पद्धतीत काम केलेल्या बिल इनमन यांनी डॉक्टर का कळवत नाहीत याची कारणं मांडली होती. "बाजारात आलेली औषधं सुरक्षितच असतात" हा समज, कोर्टकचेरीची भीती, आपल्याच हातून रुग्णाला अपाय झाल्याची बोच, केस स्वतःच छापायची इच्छा, नुसत्या संशयावर कळवलं तर हसं होईल ही धास्ती, आणि साधा कंटाळा. कसं कळवायचं ते माहीत नसणं हे त्या यादीतलं फक्त एक कारण. ट्रेनिंग तेवढं एकच दूर करतं.

पुढच्या वेळी "एडीआर म्हणजे काय" हे विचारूच नका. "या वॉर्डात शेवटची रिअ‍ॅक्शन कोणत्या औषधाची, ती कुठे लिहिली आहे, केस पेपर दाखवा" असं विचारा. पाच मिनिटांत खरं चित्र समोर येईल.

आता किमान माहिती. जगभर वैध रिपोर्टला चारच गोष्टी लागतात: ओळखता येईल असा रुग्ण (आद्याक्षरं, वय, लिंग यांपैकी काहीही चालतं), कळवणारी व्यक्ती, संशयित औषध आणि घडलेली घटना. बस. वॉर्डाकडून एवढंच घ्या, तेही पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर किंवा फोनवर. मोठा फॉर्म केस पेपर समोर ठेवून फार्मासिस्टने भरायचा. सिस्टरने वजन, लॅब, बॅच नंबर, सोबतची औषधं हे सगळं ड्यूटी संपताना भरत बसावं अशी अपेक्षा ठेवली तर फॉर्म ड्रॉवरमध्येच राहणार.

खात्रीबद्दल: फॉर्मच्या नावातच "संशयित" हा शब्द असतो. गरोदरपणात घेतल्याने बाळांत व्यंग आणणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाबद्दल डिसेंबर १९६१ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेलं विल्यम मॅकब्राइड यांचं पत्र काही ओळींचंच होतं. त्यात पुरावा जेमतेम होता आणि शेवटी वाचकांना विचारलं होतं की तुम्हालाही असं दिसलंय का. त्यांनी खात्री होईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर?

किमान माहितीने रिपोर्ट वैध होतो, उपयोगी होतोच असं नाही. एकाच कल्पित रुग्णाचे दोन रिपोर्ट बघा.

पहिला: "व्हॅन्कोमायसिन रिअ‍ॅक्शन, अंग लाल झालं, औषध बंद, इंजेक्शन दिलं, बरं वाटलं."

दुसरा: "पुरुष, ६२ वर्षे, ५८ किलो. व्हॅन्कोमायसिनचा पहिला डोस, १ ग्रॅम १०० मिली सलाइनमध्ये, १०:०५ ला सुरू. १०:२५ ला चेहरा, मान, छाती लाल, खाज. बीपी १००/६०, सॅच्युरेशन ९८, घरघर नाही, अंगावर गांधी नाहीत. तोवर बाटली संपत आली होती, १०:२६ ला बंद. १०:३० ला फेनिरामाइन. ११:१५ ला लाली गेली. त्याआधी ९:४५ ला मॉर्फिन ३ मिलिग्रॅम आयव्ही. दुसऱ्या दिवशी तोच डोस २५० मिलीमध्ये १२० मिनिटांत दिला, त्रास नाही."

पहिल्यातून एकच निष्कर्ष निघतो: "व्हॅन्कोमायसिनची अ‍ॅलर्जी". ते लाल शाईने केस पेपरवर चढतं, आणि पुढे कधी एमआरएसएचं (नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूचं) इन्फेक्शन झालं तर एक महत्त्वाचं औषध हातातून गेलेलं असतं. दुसरा वाचला की कळतं, ही अ‍ॅलर्जी नव्हे. १ ग्रॅम औषध २० मिनिटांत गेलं, म्हणजे मिनिटाला ५० मिलिग्रॅम. मर्यादा १० मिलिग्रॅमची आहे. वर द्रावण मिलीला १० मिलिग्रॅमचं, जे सहसा ५ च्या वर नेत नाहीत. भरीला मॉर्फिन, तेही हिस्टामिन सोडतं. उपाय औषध कायमचं बंद करणं हा नाही. १ ग्रॅम किमान २०० मिलीमध्ये, किमान १०० मिनिटांत द्यायचं. २० थेंबांच्या सेटवर हे मिनिटाला साधारण ४० थेंब होतात. त्रास झालेल्या रुग्णाला याहून सावकाश.

सगळा फरक घड्याळाने केला. चिठ्ठीवर चार गोष्टींपलीकडे पाचवं काही मागायचंच असेल तर दोन वेळा मागा: औषध कधी सुरू झालं आणि त्रास कधी सुरू झाला.

---

इन्चार्ज_सिस्टर

सरांचं उदाहरण एकदम बरोबर आहे, पण वॉर्डातून बघा त्याच्याकडे. ज्या दोन वेळा लिहिल्याने रिपोर्ट उपयोगी होतो, त्याच दोन वेळा लिहिल्या की ड्रिप कुणी पळवली ते उघड होतं. १०:०५ आणि १०:२५ लिहिणारी सिस्टर स्वतःच्या नावावर मेमो ओढवून घेते. मग ती काय लिहिणार? "रिअ‍ॅक्शन, औषध बंद."

त्यामुळे मॅडम, फॉर्म लहान करायच्या आधी तो कुठे जातो ते ठरवा. एडीआरची चिठ्ठी मेट्रनच्या टेबलावरून जात असेल तर विसरा. ती थेट फार्मसीत किंवा एडीआर सेंटरला जायला हवी. त्यावरून कुणालाही खुलासा मागितला जाणार नाही, असं लेखी परिपत्रक सुपरिटेंडंटच्या सहीने निघायला हवं. तोंडी आश्वासनावर नाइट ड्यूटीतली नवीन मुलगी विश्वास ठेवत नाही, आणि तिचं चुकत नाही. कळवणाऱ्याचं नाव सेंटरला शंका विचारता यावी म्हणून लागतं, ते नाव नोटीस बोर्डावर किंवा मीटिंगच्या तक्त्यात झळकता कामा नये.

कामाच्या काही गोष्टी:

रिअ‍ॅक्शन आली की बाटली, सेट आणि रिकामी व्हायल फेकू नका. पिशवीत घालून बेड नंबर आणि वेळ टाका. बॅच नंबर नंतर स्टोअरमधून काढू म्हटलं तर मिळत नाही, कारण एकाच दिवशी दोन बॅच चालू असतात. लस, सीरम, इम्युनोग्लोब्युलिन आणि बाकीच्या बायोलॉजिकल औषधांत ब्रँड आणि बॅचशिवाय रिपोर्ट अर्धा आंधळा. एकाच बॅचवर दोन-तीन रुग्णांना थंडी वाजून ताप आला, तर ती औषधाची रिअ‍ॅक्शन नसून बाटली दूषित असू शकते. ते फॉर्म भरण्याइतकंच स्टोअरला लगेच फोन करण्याचं काम आहे.

अ‍ॅनाफिलॅक्सिसचा (जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीचा) संशय असेल तर ट्रिप्टेज (अशा वेळी रक्तात वाढणारा घटक) तपासायला रक्त घ्यायचं असतं. अ‍ॅड्रेनालिन आधी, रक्त नंतर, हा क्रम कुणी उलटा करू नये. पहिलं सॅम्पल उपचार सुरू झाल्यावर जमेल तितक्या लवकर, दुसरं त्रास सुरू झाल्यापासून १ ते २ तासांत, फार तर ४ तासांच्या आत. आणि रुग्ण पूर्ण सावरल्यावर, निदान २४ तासांनी, बेसलाइनचं एक. ते शेवटचं नेहमी राहतं, कारण तोवर पेशंट वॉर्डात शिफ्ट झालेला असतो. प्रत्येक ट्यूबवर नुसती तारीख नको, वेळही हवी.

तिसरं, ड्यूटी बदलताना ओव्हर देताना "काही नवीन?" यात हे येत नाही. "आज कुणाचं औषध अचानक बंद झालं का?" असा सरळ प्रश्न ओव्हरच्या वहीत छापून घ्या.

---

मेडिसिन_ओपीडी

कॉजॅलिटी, म्हणजे त्रास त्या औषधानेच झाला का, हे वॉर्डाने ठरवायचं नाहीच. निवासी डॉक्टरला नारान्जो स्केल (त्यासाठी गुण देण्याचा तक्ता) भरायला लावणं म्हणजे त्याला फॉर्मपासून पळवून लावणं. ते काम कमिटीचं.

नारान्जोही काही देववाणी नाही. १९८१ चा स्केल, दहा प्रश्न, ९ आणि वर निश्चित, ५ ते ८ संभाव्य, १ ते ४ शक्य, ० किंवा खाली शंकास्पद. नेहमीचा अ‍ॅन्टिबायोटिकचा रॅश घ्या. पूर्वी नोंद आहे १, औषधानंतर आला २, बंद केल्यावर कमी झाला १, दुसरं कारण नाही २, तपासणीत दिसला १. झाले ७, संभाव्य. आता त्याच रुग्णाला व्हायरल ताप असण्याची शक्यता धरली की "दुसरं कारण" या एका प्रश्नावर +२ चे −१ होतात आणि बेरीज ४ वर येते, शक्य. म्हणजे एका उत्तरावर वर्ग बदलतो, आणि ते उत्तर केस पेपर किती नीट वाचला यावर ठरतं. ९ गाठायला बहुतेक वेळा औषध पुन्हा देऊन पाहावं लागतं, आणि गंभीर रिअ‍ॅक्शननंतर स्कोअरसाठी ते कुणी करायचं नसतं. वॉर्डात "निश्चित" शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. आणि दोन औषधांच्या परस्परक्रियेचा प्रश्न असेल तिथे हा स्केल लंगडा पडतो.

निदान सर्वाधिक कुठे चुकतं? कालावधीत. सगळे कालपरवाचं औषध पकडतात. साधा लाल पुरळ पहिल्यांदाच औषध घेणाऱ्यात साधारण ४ ते १४ दिवसांनी येतो. स्टीव्हन्स-जॉन्सन (फोड येऊन कातडी, डोळे, तोंड सोलणारी रिअ‍ॅक्शन) ४ ते २८ दिवसांनी. ड्रेस (ताप, पुरळ आणि आतल्या अवयवांना इजा) २ ते ८ आठवड्यांनी. हेपारिनने प्लेटलेट उतरणं ५ ते १० दिवसांनी, पण अलीकडे हेपारिन मिळालेलं असेल तर एका दिवसातही. एसीई इन्हिबिटरची (बीपीच्या औषधांचा एक गट) ओठ-जिभेची सूज तर वर्ष-वर्ष औषध सुरळीत चालल्यावरही येते.

नेहमीचा फसवा प्रसंग असा. तीन आठवड्यांपूर्वी कार्बामॅझेपिन किंवा अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू झालेलं. मग ताप आणि घसा. त्यासाठी पॅरासिटामॉल आणि अ‍ॅन्टिबायोटिक दिलं. दोन दिवसांनी अंगावर फोड. दोष अ‍ॅन्टिबायोटिकवर जातो. खरं तर तो ताप हीच रिअ‍ॅक्शनची सुरुवात होती, आणि मूळ औषध अ‍ॅडमिशननंतरही चालूच राहतं. म्हणून फॉर्ममधला "सोबतची औषधं" हा रकाना मागच्या दोन महिन्यांचा भरायचा, प्रत्येकाची सुरू केल्याची तारीख घालून. "गेले काही दिवस" लिहिलं तर रकाना रिकामा ठेवल्यासारखंच.

अजून एक. स्किनमधून फॉर्म येतात कारण रॅश डोळ्यांना दिसतो. इन्सुलिनने साखर ३८ पर्यंत उतरणं, थायाझाइडने सोडियम ११८ होऊन आजी गोंधळणं, वॉरफरिनवर मेट्रोनिडाझोल पडून आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं याचं माप) चढणं, हे कुणाला एडीआर वाटतच नाही. "हे तर माहीतच आहे" किंवा "वयामुळे". ब्रिटनमधल्या २००४ च्या एका मोठ्या अभ्यासात १८,८२० अ‍ॅडमिशन तपासल्या, त्यांपैकी ६.५ टक्क्यांत एडीआर होती. सर्वाधिक दोषी कोण, तर अ‍ॅस्पिरिन, इतर वेदनाशामकं, डाययुरेटिक आणि वॉरफरिन. नवीकोरी औषधं नव्हेत. त्यातल्या बहुतेक टाळता येण्याजोग्या होत्या. माहीत असलेली रिअ‍ॅक्शन गंभीर असेल तर कळवायचीच. गंभीर म्हणजे मृत्यू, जिवाला धोका, अ‍ॅडमिशन किंवा मुक्काम वाढणं, अपंगत्व, जन्मजात दोष, किंवा यांपैकी काही टाळण्यासाठी तातडीचे उपचार लागणं. तीव्र आणि गंभीर यांत गल्लत नको. डोकं फुटेल इतकं दुखणं तीव्र असतं, पण या व्याख्येत गंभीर असेलच असं नाही.

---

वॉर्ड_फार्मासिस्ट

सर्वांचे आभार. सिस्टर, परिपत्रकाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. एक शंका: व्हॅन्कोमायसिनसारख्या केसमध्ये चूकही आहे आणि रिअ‍ॅक्शनही. एडीआर फॉर्म भरायचा की इन्सिडंट फॉर्म (कामातली चूक कळवण्याचा)? आणि टार्गेट व शोधण्याचं राहिलंच.

---

औषधशास्त्र_विभाग

दोन्ही. जागतिक आरोग्य संघटनेची १९७२ ची व्याख्या नेहमीच्या डोसपुरती होती, तिथून हा घोळ आहे. युरोपीय संघाच्या २०१२ पासून लागू झालेल्या नियमांत चुकीने, जास्त डोसने किंवा गैरवापराने झालेला अपायही धरला जातो. रुग्णाला काय झालं ते एडीआर फॉर्मवर, प्रक्रिया कुठे घसरली ते इन्सिडंटवर. दोन वेगळे कागद, दोन वेगळ्या वाटा. इन्सिडंटच्या उत्तरात "सिस्टरला समज दिली" असं येत असेल तर सिस्टरांचा मुद्दा पुन्हा वाचा. "व्हॅन्कोमायसिनच्या लेबलवर मिली आणि मिनिटं छापली" असं उत्तर यायला हवं.

टार्गेट देऊ नका. दिलंत तर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मेट्रोनिडाझोलने तोंड कडू आणि लोहाने शी काळी यांचे गठ्ठे येतील, आणि हेपारिनची एक केस त्यांत बुडून जाईल. संख्या मोजायचीच असेल तर गंभीर किती आणि तारखांसकट पूर्ण किती, हे मोजा.

---

रात्रपाळी_फार्मसी

शोधण्यासाठी ट्रिगर, म्हणजे रिअ‍ॅक्शनचा माग देणाऱ्या खुणा, वापरा. माणसांना आठवण करून देण्यापेक्षा फार्मसीचं इश्यू रजिस्टर आणि लॅबची यादी रोज सकाळी चाळा.

औषधांत: नॅलोक्सोन, फ्लुमाझेनिल, व्हिटॅमिन के, २५ किंवा ५० टक्के डेक्स्ट्रोज, स्टॅट हायड्रोकॉर्टिसोन आणि अ‍ॅन्टिहिस्टामिन, अ‍ॅड्रेनालिन. लॅबमध्ये: आयएनआर ६ च्या वर, साखर ५० च्या खाली, क्रिअ‍ॅटिनिन बेसलाइनच्या दुप्पट, पोटॅशियम ६ च्या वर, हेपारिनवर प्लेटलेट निम्म्यावर.

पण ट्रिगर आंधळेपणाने घेतलेत तर आठवडाभरात कंटाळाल. व्हिटॅमिन के मधून नवजात बाळं वगळा, प्रत्येकाला देतातच. डेक्स्ट्रोजसोबत त्याच वेळी इन्सुलिन गेलं असेल तर तो पोटॅशियम उतरवण्याचा उपचार आहे, साखर पडलेली नाही. अर्थात पोटॅशियम कशाने चढलं ते बघाच, स्पायरोनोलॅक्टोन आणि एसीई इन्हिबिटर एकत्र असतील तर तीच तुमची केस. अ‍ॅन्टिहिस्टामिनमधून ब्लड आणि केमोच्या आधीची प्रीमेडिकेशन वगळा, हायड्रोकॉर्टिसोनमधून दमा, अ‍ॅड्रेनालिनमधून अ‍ॅरेस्ट. नॅलोक्सोनचं मात्र एकही सोडू नका. रजिस्टरवर नोंदी थोड्याच असतात आणि बहुतेक कामाच्या निघतात.

वॉर्ड स्टॉकमधून घेतलेली इंजेक्शनं रजिस्टरवर त्या दिवशी दिसत नाहीत, स्टॉक भरताना दिसतात. तेवढा एखाद-दोन दिवसांचा उशीर धरून चाला, आणि तोवर बाटली पिशवीत ठेवलेली असली तर नशीब.

---

इन्चार्ज_सिस्टर

आणि उलट उत्तर पाठवा हो! चिठ्ठी दिली की ती विहिरीत पडते. दोन ओळी पुरेत: "मिळाली, कमिटीने संभाव्य धरली, केस पेपरवर असं लिहिलंय." ज्या सिस्टरने कळवलं तिला, त्याच आठवड्यात. हे सुरू केलंत तर ट्रेनिंगचे निम्मे तास वाचतील.

---

वॉर्ड_फार्मासिस्ट

हे लगेच करता येईल. शेवटचं एक: डिस्चार्ज कार्डवर काय लिहायचं? सध्या "पेनिसिलिन अ‍ॅलर्जी" एवढंच असतं.

---

मेडिसिन_ओपीडी

एवढ्यावर पुढचा डॉक्टर काहीच ठरवू शकत नाही, मग घाबरून सगळेच बीटा-लॅक्टम (पेनिसिलिन आणि त्याच्या जवळची औषधं) टाळतो. पाच गोष्टी लिहा: औषधाचं जेनेरिक नाव (सोबत ब्रँड, कारण रुग्णाला तोच आठवतो), काय झालं ते साध्या शब्दांत, डोसनंतर किती वेळाने, तारीख, आणि त्यानंतर कोणती जवळची औषधं त्रास न होता दिली गेली. उदाहरणार्थ: "अमॉक्सिसिलिन, सातव्या दिवशी अंगावर सपाट लाल पुरळ, खाज थोडी, श्वास-बीपी ठीक, तोंडात-डोळ्यांत फोड नाहीत. नंतर सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन ५ दिवस दिलं, त्रास नाही." ग्रंथिज्वर असताना अमॉक्सिसिलिन दिलं गेलं असेल तर तेही लिहा, कारण त्या आजारात हा पुरळ पुष्कळदा उठतो आणि तेवढ्यावरून माणूस आयुष्यभराचा अ‍ॅलर्जिक ठरत नाही. फोड, सालं निघणं, डोळे-तोंड सोलणं असं काही झालं असेल तर मात्र "पुन्हा कधीही देऊ नये" हे ठळक, आणि कार्डाची एक प्रत रुग्णाच्या पाकिटात.